लाटेखालची होडी

मी एक जुने चित्र आहे, वादळात सापडलेल्या जहाजांचे. लांबी साडेतीन फूट, उंची सव्वादोन फूट. ओकच्या तीन फळ्या जोडून मला केले आहे. मधल्या फळीला उजवीकडे एक बारीक चीर आहे. एका हिवाळ्यात कुणीतरी शेगडी माझ्या फार जवळ सरकवली होती, तेव्हाची ती.

मित्रांनो, माझ्यात काय काय दिसते ते आधी सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. मध्यभागी तीन डोलकाठ्यांचे एक मालवाहू जहाज आहे, एका अंगावर कललेले. दूर क्षितिजावर आणखी दोन जहाजे आहेत, शिडे गुंडाळलेली. आभाळ शिशाच्या रंगाचे. डावीकडे ढगांच्या फटीतून ऊन पडले आहे आणि तिथे वाळूचा पिवळसर पट्टा दिसतो. मोठ्या जहाजाच्या मागच्या अंगाने एक जाड दोर निघतो, पाण्यावरून जवळजवळ आडवा जातो आणि एका लाटेत शिरतो. दोनशे वर्षे तो दोर त्या लाटेतच संपत होता.

माझा जन्म ॲमस्टरडॅमजवळच्या होर्न गावात १६५४ च्या वसंत ऋतूत झाला. फळ्या त्याहून बऱ्याच जुन्या. त्या बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरून जहाजाने आल्या होत्या, म्हणजे समुद्राची आणि माझी ओळख रंगाच्याही आधीची. चित्रकार लाम्बर्टने मला खडू आणि सरसाचा हात दिला, घासून गुळगुळीत केले आणि तपकिरी रेघांनी जहाजे मांडली. मग जवसाच्या तेलात रंग खलून आधी आभाळ भरले आणि शेवटी जहाजे. एकेक थर वाळेपर्यंत तो दुसऱ्याला हात लावत नसे.

लाम्बर्ट स्वतः कधी समुद्रावर गेला नव्हता. होडीत पाय ठेवला की त्याला मळमळत असे. पण जहाजाचे चित्र काढून घ्यायला कुणी आला की तो त्याला खुर्चीत बसवी, बिअरचा पेला हातात देई आणि प्रश्न विचारत सुटे. वारा कुठून होता? कोणते शीड वर होते? दोर कुठे बांधला होता? सांगणारा थके, विचारणारा थकत नसे.

माझ्यासाठी आलेला माणूस म्हणजे फ्लीलांड बेटावरचा कप्तान सैब्रांट. आदल्या नोव्हेंबरात डान्झिगहून धान्य भरून येताना बेटाजवळच्या वाळूपाशी तो वादळात सापडला आणि वाचला. त्याच्या बेटावर अशी रीत होती की मोठ्या संकटातून सुटलेला कप्तान त्या दिवसाचे चित्र काढवून घेतो आणि देवाचे आभार म्हणून पुढच्या खोलीत लावतो.

"जहाज वाळूत अडकलं होतं की नुसतं घासून गेलं?" लाम्बर्टने विचारले.

"तुला काय करायचंय?"

"अडकलेलं जहाज वेगळं कलतं, कप्तान. मी चुकीचं काढलं तर तुमचेच बेटवाले तुम्हाला हसतील. मला नाही."

सैब्रांटने तिसरा पेला रिकामा केला. "अडकलं होतं," तो म्हणाला.

पुढचे सगळे त्याने एका दमात सांगितले. रविवारची दुपार होती, सगळे बेट चर्चमध्ये होते. फक्त येल्मर नावाच्या कोळ्याने वाळूच्या टेकडीवरून जहाज पाहिले आणि दोन गडी घेऊन आपली होडी लोटली. जहाजाचा जादा नांगर त्यांनी होडीच्या मागे बांधून घेतला, खोल पाण्यापर्यंत वाहून नेला आणि तिथे सोडला. मग खलाशांनी त्याचा दोर जहाजावरच्या रहाटावर गुंडाळायला सुरुवात केली. नांगर तळाला रुतलेला, त्यामुळे दोर ओढला की जहाजच मागे सरकते.

"मग?"

"मग जहाज सुटलं."

"आणि होडी?"

"होडीत पाणी भरत होतं. ते हात हलवत होते. त्यांना घ्यायला थांबलो असतो तर पुन्हा वाळूवर गेलो असतो. माझ्या जहाजावर अकरा माणसं होती." सैब्रांटने रिकामा पेला पुढे केला, लाम्बर्टने तो भरला. "नांगराचा दोर मी तोडला आणि निघालो. कुऱ्हाडीनं. दुसऱ्या कुणाला तोडायला सांगितलं नाही, मीच तोडला."

लाम्बर्टने पुढचा प्रश्न विचारला, "होडीवर घराची खूण होती?"

त्या बेटांवर प्रत्येक घराची एक खूण असते. होडीवर, टोपलीवर, थडग्यावर, सगळीकडे तीच. सैब्रांटने बिअरमध्ये बोट बुडवले आणि टेबलावर खूण काढून दाखवली: एक उभी रेघ, तिला डावीकडे दोन लहान आडव्या, खाली गळासारखा वळलेला एक आकडा.

लाम्बर्टने जे ऐकले ते रंगवले. अंगठ्याएवढी होडी, तीन माणसे, एक डब्याने पाणी उपसणारा, दोघे हात हलवणारे. मागे टांगलेला नांगर, होडीपर्यंत पोचलेला दोर आणि पुढच्या टोकावर खूण, एकाच केसाच्या कुंचल्याने काढलेली. मित्रांनो, माझ्यातली सर्वांत चांगली जागा तीच होती. लाम्बर्ट तसे म्हणाला होता, म्हणून मी सांगतो.

जूनमध्ये त्याने मला गोधडीत गुंडाळून बेटावर आणले. येताना दोनदा ओकला. सैब्रांटच्या पुढच्या खोलीत मला खिडकीसमोर उभे केले. कप्तानाने एकदा पाहिले आणि दार लावून घेतले.

"हे मी तुला सांगितलं होतं. काढायला सांगितलं नव्हतं."

"मी विचारतो ते काढण्यासाठीच विचारतो, कप्तान."

"पुसून टाक."

"पुसायला गेलो तर खालचं आभाळही जाईल. वरून लाट काढता येईल."

"काढ मग लाट," सैब्रांट म्हणाला आणि बंदराकडे निघून गेला.

तो का घाबरला ते मला दोन दिवसांत, घरातली बोलणी ऐकून कळले. बेटावर त्याने वेगळेच सांगितले होते. जहाज जरा घासले, भरती आली, आपोआप सुटले. होडी वगैरे काही दिसली नाही. त्याचे खलाशी परदेशी होते. ते आठ दिवसांत ॲमस्टरडॅमला जाऊन पांगले. येल्मर आणि त्याचे दोन गडी परत आले नाहीत. किनाऱ्याला एक वल्हे लागले, तेवढेच.

आता त्या बेटाचा नियम ऐका. रविवारी जाळे पाण्यात पडत नाही. पडले तर ते पाप, आणि त्या पापाला क्षमा नसते असे तिथले लोक मानत. रविवारी दुपारी, प्रवचन चालू असताना, एक कोळी होडी घेऊन समुद्रावर गेला होता. कोणत्याही जहाजाने त्याला पाहिले नव्हते. मग तो कशाला गेला होता? उत्तर सगळ्यांना एकच सुचले. येल्मरची बायको औक्या सांगत राहिली की जाळी अंगणात वाळत होती, जहाज अडकलंय असं ओरडत तो गेला. लोक म्हणाले, कोळ्याकडे काय एकच जाळं असतं? त्या हिवाळ्यातच तिच्या पोरांना रस्त्यात नवे नाव मिळाले: रविवारवाले. मुले मागे धावत विचारायची, "रविवारवाल्या, किती मासे मिळाले?"

बेटावर चिकटलेले नाव निघत नाही. आडनाव बदलते, धंदा बदलतो, ते नाव राहते.

लाम्बर्ट रंग खलत बसला होता तेव्हा कप्तानाची बायको वेंडेलमूट त्याच्यासाठी ताकातली खीर घेऊन आली. ती माझ्यासमोर उभी राहिली. खीर निवेपर्यंत उभी राहिली.

"ही खूण ओळखीची आहे," ती म्हणाली. "आमच्यापासून पाचवं घर."

"मला बेटावरचं काही माहीत नाही, बाई."

"तुम्ही ही झाकणार."

"मालकांनी सांगितलंय."

"झाकल्यावर पुन्हा दिसते का कधी?"

लाम्बर्टने कुंचला पुसला. "जाड थर दिला तर नाही. पातळ दिला तर आज दिसणार नाही, उद्याही नाही. पण तेलातला रंग म्हातारा होतो तसा काचेसारखा व्हायला लागतो. खालचं वर यायला लागतं. माझ्या आजोबांच्या चित्रात एका साहेबाला तिसरा पाय आलाय."

वेंडेलमूट हसली नाही. तिने खिरीचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "पांढरा रंग फार महाग असतो म्हणे," ती म्हणाली. "जपून वापरा."

लाम्बर्टने एकच हात दिला. संध्याकाळी सैब्रांटने जवळून पाहिले, लांबून पाहिले आणि मला भिंतीवर चढवले. दोराकडे दोघांचेही लक्ष गेले नाही. तो तसाच राहिला, लाटेत शिरणारा.

त्या शरद ऋतूत औक्या एकदा पुढच्या खोलीत आली. वेंडेलमूट दर शनिवारी तिच्याकडे एक पाव आणि चुलीसाठी थोडे जळण पाठवीत असे. त्या दिवशी औक्या रिकामी टोपली परत द्यायला आली होती. टोपलीवर तीच खूण होती. सैब्रांट घरात होता. ती माझ्यासमोर थांबली.

"हाच तो दिवस ना, कप्तान?"

"हो."

"एकदाच विचारते. पुन्हा नाही विचारणार. माझा माणूस दिसला होता का तुम्हाला?"

सैब्रांटने माझ्याकडे पाहिले. तो नेमके कुठे पाहत होता ते मलाच माहीत. "लाटा होत्या, औक्या," तो म्हणाला. "नुसत्या लाटा."

तिने मान हलवली, टोपली खाली ठेवली आणि गेली. तिने खरेच पुन्हा विचारले नाही. मला बोलता येत नाही, मित्रांनो. येत असते तर त्या दुपारी बोललो असतो. त्या घरात बोलू शकणारी दोन माणसे होती, तीही बोलली नाहीत.

सैब्रांट १६७१ मध्ये वारला, वेंडेलमूट त्यानंतर नऊ वर्षांनी. घरातले सगळे तिने पुतण्यांना दिले. माझ्याबद्दल मात्र लिहून ठेवले की हे चित्र गावाच्या बैठकीच्या खोलीत लावावे, खिडकीसमोर, चांगल्या उजेडात. पुतणे म्हणाले, म्हातारीला कप्तानाचा फार अभिमान. मी तेव्हापासून तिथेच आहे.

पुढच्या जवळजवळ एकशेनव्वद वर्षांत फारसे सांगण्यासारखे घडले नाही. आधी कौतुक झाले. परगावचे पाहुणे आले की मला दाखवत. मग सवय झाली, आणि सवय झालेल्या वस्तूकडे कोण बघतो? रोगण पिवळे पडले. शेगडीचा आणि तंबाखूचा धूर बसत गेला. आभाळ शिशाचे होते ते चहाचे झाले. खाली बाकांवर जहाजांचे वाटाडे वारा पडायची वाट बघत बसत, आणि बोलायला काही उरले नाही की मला हसत.

"तो दोर बघ. मागच्या अंगानं नांगर टाकलाय शहाण्यानं."

"आणि दोर कसा ताठ? वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखा!"

"चित्रकार होर्नचा. त्यानं समुद्र खिडकीतून पाहिला असणार."

ही थट्टा बापाकडून मुलाकडे गेली. लाम्बर्टने जे सर्वांत नीट काढले होते, ते या माणसांना सर्वांत चुकलेले वाटत होते.

आता १८६९ सालावर येऊ. गावाची एक बचाव-होडी होती. दहा वल्ह्यांची, घोड्यांनी ओढत पाण्यापर्यंत नेण्याची. तिचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरून हुकूम देणारा माणूस, थकून बाजूला झाला होता. नवा तांडेल निवडायचा होता. त्या वाळूच्या पट्ट्यांमधून होडी नेण्यात डौवे नावाच्या माणसाचा हात धरणारा बेटावर कुणी नव्हता. हे सगळे मान्य करत आणि लगेच म्हणत, पण तो रविवारवाला. औक्याच्या सातव्या पिढीतला. त्याच्या आजोबालाही असेच वगळले होते. रविवारवाल्याच्या हाताखाली दहा माणसे समुद्रात जायला तयार नव्हती. तो नसेल तर होडी कमी हुशार हातात जाणार, आणि वाळूवर अडकलेली माणसे वाट बघत राहणार, हेही सगळ्यांना माहीत होते.

डौवेची थोरली बहीण रिन्स्के या खोलीची झाडलोट करायची. ईस्टरच्या आधी त्या देशात घर वरपासून खालपर्यंत धुऊन काढतात, खुर्च्या रस्त्यावर येतात, भिंतींनाही सुटका नसते. त्या वर्षी रिन्स्केने मलाही खाली उतरवले, बटाटा अर्धा कापला आणि कापलेल्या बाजूने माझ्यावर फिरवायला लागली. बटाट्याने काजळी निघते अशी तिथल्या बायकांची खात्री आहे. काजळी निघते. कधी कधी रंगही निघतो. क्षितिजावरच्या एका जहाजाची डोलकाठी अशाच एका वसंतात कांद्याने गेली होती.

त्या दिवशी काजळीच निघाली. चार बटाटे झाले आणि रिन्स्केचा हात थांबला. लाटेत काहीतरी होते. लाट तिथेच होती, पण तिच्या आत, थंडीत काचेपलीकडे दिसावे तसे, तपकिरी काही होते. एक होडी. तीन माणसे. तिने खिडकीचा पडदा बाजूला केला, नाक माझ्या इतके जवळ आणले की तिचा श्वास मला लागत होता, आणि मग आपल्या बादलीकडे पाहिले. बादलीच्या कडीवर तिच्या घराची खूण कोरलेली होती. एक उभी रेघ, दोन आडव्या, खाली आकडा.

ती कुणाला काही बोलली नाही. तिने मला जागेवर लावले आणि बटाटे डुकराला घातले.

ईस्टरनंतरच्या शनिवारी दुपारी बैठक भरली. टेबलाच्या टोकाला चर्चचे पंच विखर, हिशेबी आणि सरळ माणूस, नियमाबाहेर पाऊल न टाकणारा. बाकांवर वल्हेकरी. खिडकीपाशी ऊने काका, एकोणऐंशी वर्षांचे वाटाडे, दोराच्या थट्टेत सर्वांत पुढे. डौवे दाराजवळ उभा होता, टोपी हातात. विखर दुसऱ्या कुणाचे तरी नाव घेणार, एवढ्यात कॉफीचे भांडे घेऊन आलेली रिन्स्के म्हणाली, "नाव घेण्याआधी चित्र बघा."

"रिन्स्के, ही पुरुषांची बैठक आहे."

"म्हणूनच सांगते. बायकांना आधीच दिसलंय."

कुणीतरी हसले. ऊने काका उठले, कारण ते कुठल्याही निमित्ताने उठत. चष्मा लावून ते माझ्यासमोर आले. नंतर बाकीचेही आले. होडी सगळ्यांना दिसली आणि खोलीत गलका झाला.

विखरने हात वर केला. "हे चित्र मी पन्नास वर्षं बघतोय. इथे होडी नव्हती. रिन्स्के, तू याला काय केलंस?"

"बटाटा लावला."

"बटाट्यानं होडी येते?"

"तुमच्या घरी येत नाही का, पंच?" मागून एक वल्हेकरी म्हणाला. "आमच्याकडे कोंब येतात."

"गप्प बस, ख्येर्ट! खूण त्यांच्याच घराची आहे. आज निवड, आणि आजच चित्रात त्यांची होडी. मी हिला चोर म्हणत नाही. पण मी काय समजायचं?"

रिन्स्केने भांडे टेबलावर ठेवले. "मला साधी कोंबडी काढता येत नाही, पंच. शाळेत तुम्ही माझ्या शेजारीच बसायचात."

विखर उत्तर देणार होता, पण ऊने काका बोलले. ते इतके हळू बोलले की सगळ्यांना गप्प बसावे लागले.

"हिनं काढलेलं नाही हे. माझ्या जन्मात मी इतका शहाणा चित्रकार पाहिला नाही." त्यांनी बोट माझ्यापासून वीतभर लांब धरले. "दोर बघा. चाळीस वर्षं मी या दोराला हसलो. माझा बाप हसला. हा नांगर टाकलेल्या जहाजाचा दोर नाहीच. तो होडीकडे चाललाय. होडीच्या मागे काय टांगलंय?"

"नांगर," ख्येर्ट म्हणाला.

"किती मोठा?"

"होडीच्या निम्मा."

"मासे धरायला कुणी असला नांगर घेऊन जातं का रे? शीड उतरवलेलं आहे. जाळं नाही, टोपली नाही. हे खोल पाण्यात नांगर वाहून नेतायत, जहाज मागे ओढून काढायला. आणि जहाज बघा, डोलत नाहीये ते. एका अंगावर बसलंय. वाळूत रुतलंय." काकांनी चष्मा काढला. "ज्यानं हे काढलं त्याला कुणीतरी डेकवरून बघणाऱ्यानं सांगितलंय. रिन्स्के एवढं जाणत असती तर मी तिलाच तांडेल केलं असतं."

विखरने भिंग मागवले. तो उतावळा माणूस नव्हता. त्याने लाटेची कड पाहिली, जिथे लाटेचा रंग होडीच्या वर बसला आहे तिथे नखाने हळूच चाचपले, आणि लाटेच्या रंगातली बारीक भेगांची जाळी होडीच्या वरून सलग जाते हेही पाहिले. बटाट्याने भेगा पडत नाहीत. हे सगळे व्हायला निदान पाव तास लागला, आणि तेवढा वेळ डौवे दाराजवळून हलला नाही.

"होडी खाली आहे, लाट वर," विखर शेवटी म्हणाला. "आधी होडी काढली. मग कुणीतरी झाकली."

"कुणी?" ख्येर्टने विचारले.

सगळ्यांना माहीत होते की मी कुणाच्या घरातून आलो. कुणी नाव घेतले नाही. विखरची आई त्या पुतण्यांच्या वंशातली होती, तरीही उत्तर त्यानेच दिले. "आमच्यापैकी," तो म्हणाला. मग वही पुढे ओढून त्याने तांडेलाच्या रकान्यात डौवेचे नाव लिहिले, शाई सुकायला वाळू टाकली आणि झटकली.

डौवे एवढेच म्हणाला, "माझ्याबरोबर कोण कोण बसणार, ते आत्ताच सांगा."

पहिला हात ख्येर्टने वर केला. मग एकेक करत नऊ झाले, मी मोजले. दहावा विखरच्या मुलाचा होता. त्याने आधी बापाकडे पाहिले. बाप वहीवरची वाळू झटकत होता, आधीच झटकून झालेली.

आता राहिले एक. नियमाची गंमत अशी की तो परीक्षेला स्वतःहून येतो. त्याच वर्षी, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, प्रवचन चालू असताना घंटा वाजली. पुढचे मी पाहिले नाही, ऐकले. उत्तरेच्या पट्ट्यावर एक नॉर्वेजियन जहाज बसले होते. डौवे बाकावरून उठला, पाद्री बोलायचे थांबले, आणि चर्चमध्ये इतकी शांतता झाली की त्याच्या बुटांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्याच्यामागे दहा माणसे उठली. घोडे जुंपले गेले. चार तास कुणी घरी गेले नाही.

मी पाहिले ते हे. दिवस मावळायच्या आत बैठकीच्या खोलीचे दार उघडले आणि भिजलेली माणसे आत आली. काही ओळखीची, काही अनोळखी, गोधड्यांत गुंडाळलेली. रिन्स्के कॉफी ओतत होती. बाहेर रस्त्यावर एक पोर ओरडले, "रविवारवाले आले! रविवारवाले आले!"

रिन्स्केचा हात थांबला. दोनशे वर्षांची सवय अशी एका वर्षात जात नाही. खोलीतले कुणी हसले नाही.

विखर टेबलापाशी उभा होता. त्याने डौवेकडे पाहिले आणि तो जुनाच प्रश्न विचारला, ज्याने डौवेच्या घरातली सात पिढ्यांची पोरे रडवली होती. पण त्याने तो टोपी काढून विचारला.

"किती मिळाले, तांडेल?"

"पाच," डौवे म्हणाला. "आणि एक मांजर. ते ख्येर्टच्या सदऱ्यात आहे. त्याला चावतंय."

तेव्हा लोक हसले. रिन्स्केने कॉफी ओतली. ऊने काका माझ्याखालच्या बाकावर बसून राहिले आणि बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "माफ कर रे बाबा." ते लाम्बर्टला म्हणाले, येल्मरला की मला, ते मी सांगू शकत नाही.

मित्रांनो, त्यानंतर माझी बरी काळजी घेतली जाते. शेगडी दुसऱ्या भिंतीला गेली. शहरातून एक जाणकार आला होता. त्याने सुचवले की होडीवरची लाट काढून टाकता येईल, मग सगळे स्वच्छ दिसेल. बेटावरच्या लोकांनी दोन बैठका घेतल्या आणि नको म्हणून कळवले. होडी हवी, आणि ती झाकणारी लाटही हवी, असे त्यांचे म्हणणे पडले. दोन्ही आमच्याच माणसांनी केले आहे. मला तो निर्णय योग्य वाटतो.

तुमच्या घरी किंवा गावात एखादे जुने चित्र असेल तर त्याला धुरापासून, शेगडीपासून आणि कडक उन्हापासून लांब ठेवा. बटाटा, कांदा, ओले फडके लावू नका. रिन्स्केचे नशीब चांगले होते. क्षितिजावरच्या त्या जहाजाचे नव्हते. आणि जुन्या कामात काही चुकलेले दिसले, एखादा दोर कुठेच जात नाही असे वाटले, तर हसण्याआधी त्याच्या टोकापर्यंत नजर न्या. वेळ लागला तरी चालेल. माझ्या दोराच्या टोकाला तीन माणसे होती, आणि ती दोनशे वर्षे हात हलवत होती.